मुनीमच्या तोंडावरचा कापूस

६ जानेवारी

चारुलताताई म्हणाल्या होत्या, भडगावच्या अलीकडे फाट्यावर उतर, मुनीम येईल घ्यायला. मला वाटलं, वडिलांकडे हिशेब बघणारा कुणी माणूस असेल. उतरलो तर फाट्यावर माणूस नाही. एक काळा कुत्रा बसलेला, तोंड पांढरं, एक कान दुमडलेला. त्यानं बॅग हुंगली, कॅनव्हासचं गाठोडं हुंगलं आणि गावाकडे चालू लागला. मी आपला मुनीमची वाट बघत टपरीवर चहा प्यालो, मग आणखी एक प्यालो. शेवटी टपरीवाला म्हणाला, "भाऊ, तो मुनीमच होता. आता एकटे जा."

तर ज्याचं चित्र काढायचं तो हा. ताईंनी मोबाईलवर पाठवलेल्या फोटोत मात्र कुत्रा काळाभोर, तुकतुकीत, तोंडावर एक पांढरा केस नाही. उजेडाचा फरक असेल.

काम असं आहे. ताई धुळ्याला शिक्षिका. त्यांच्या शाळेच्या भिंतीवर मी वाघ काढत होतो (झालाय, शेपूट राहिलीय), तिथं ओळख झाली. त्यांचे वडील, गिरधर आबा, इथं एकटेच राहतात. दिवाळीत चक्कर येऊन बांधावर पडले. तेव्हापासून ताई मागे लागल्यात, धुळ्याला चला, माझ्याकडे राहा. पण ताईंचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि सोसायटीत कुत्रा चालत नाही. आबांनी शेवटी दोन अटी घातल्या. घरातला कापूस आधी विकला गेला पाहिजे. आणि मुनीमचं मोठं चित्र पाहिजे, खऱ्यासारखं, सोबत न्यायला. मुनीमला शेजारच्या प्रमिलाअक्का सांभाळतील. कापूस आबा विकणार, चित्र मी काढणार, होळीला ताई गाडी घेऊन येणार आणि आबांना नेणार.

निघताना ताई म्हणाल्या, "तेजस, हे तरी पूर्ण कर." शेपूट त्यांच्या मनात होती.

८ जानेवारी

मला मधली खोली मिळाली. पलीकडच्या खोलीत कापूस. खालपासून आढ्यापर्यंत कापूसच. दार उघडलं की अंगावर येतो, म्हणून चौकटीत फळ्या आडव्या अडकवल्यात. इकडे निम्म्या गावात असंच आहे, माणसं ओसरीत झोपतात आणि कापूस घरात. भाव चढायची वाट बघत.

आबांना आज पद्धत समजावली. आधी सगळा कुत्रा राखाडी रंगात काढायचा, उजेड-सावली तिथंच पक्की करायची. मग त्यावर पातळ रंगांचे थर. जवसाच्या तेलात रंग इतका पातळ करायचा की खालचं सगळं दिसलं पाहिजे. गणपतीत बल्बवर जिलेटीन कागद लावतात तसं. एकावर एक कागद चढवत गेलं की रंग गडद होतो, पण उजेड आतूनच येतो.

"आसा किती थर?" आबांनी विचारलं.

"सात-आठ. कधी जास्त."

"आन एक थर वाळाले?"

"थंडीत चार-पाच दिवस तरी."

"आन घाई करी तं?"

"तर वरचा वाळतो, खालचा ओलाच राहतो. पुढे तडे जातात."

आबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मंग घाई नको करू."

असं गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदा भेटलं. नाहीतर सगळ्यांना संध्याकाळपर्यंत पाहिजे असतं.

१३ जानेवारी

राखाडी मुनीम झाला. बरा झाला. फोटोवर चौकोन आखून काढलाय, त्यामुळे मापात चूक नाही. आबा मागे हात बांधून आले, बघितलं, म्हणाले, "कान बरोबर नही शे." पुसला, पुन्हा काढला. दुपारी परत आले. म्हणाले, पहिला होता तो बरा होता.

कान पुसून पुन्हा पहिल्यासारखा केला. उद्या संक्रांत. गच्चीवर पतंग बघायला गेलो आणि दिवस संपला.

१९ जानेवारी

भडगावला टर्पेंटाइन आणायला गेलो होतो. स्टँडवर जुन्या ओळखीचा ट्रकवाला भेटला, धुळ्याकडे निघालेला. म्हटलं धुळ्यात टर्पेंटाइन चांगलं मिळेल. पण गप्पांत धुळं मागे पडलं आणि आम्ही सोनगीरला पोचलो. तिथं तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे बघत बसलो. सपाट पत्रा, ठोकत ठोकत हंडा होतो. एक म्हातारा ठोके देताना हंड्याकडे बघतसुद्धा नव्हता, माझ्याशी राजकारण बोलत होता. मग किल्ल्यावर गेलो. मग एका लग्नात जेवलो, नवरा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आज परत आलो. टर्पेंटाइन राहिलं ते राहिलंच. वाटलं आबा हाकलून देतील. त्यांनी अंगणात खाट टाकली, गरम भाकरी, लसणाची चटणी. म्हणाले, "आजून कोठे जानं व्हई तं जाई ये. चित्र कोठे पळी नही जात."

प्रमिलाअक्का म्हणजे आबांची थोरली वहिनी. भिंतीला भिंत लागून घर. भाकरी त्याच करतात. ताटलीत कांदा ठेवता ठेवता म्हणाल्या, "चारूनी बरा धुंडी काढा तुले, पेंटर. आबाले पाहिजे व्हता तसाच."

आबा हसले. मीही हसलो. कौतुक कुणाला नको असतं.

२५ जानेवारी

पहिला थर दिला. लोकांना वाटतं काळा कुत्रा म्हणजे काळ्या रंगाची ट्यूब. मी काळी ट्यूब उघडतच नाही. निळा आणि भाजक्या मातीचा तांबडा, हे दोन पातळ करून एकावर एक. मुनीम सकाळी अंगणात बसतो तेव्हा पाठीवर आभाळ निळं दिसतं आणि उन्हाकडच्या बाजूला केस चक्क चहाच्या रंगाचे होतात. हे दिसायला लागलं की कुत्र्यावरून नजर हटत नाही. आज तासभर मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो होतो. शेवटी त्यालाच संकोच वाटला, उठून अक्कांच्या ओट्यावर गेला.

रात्री मळ्यात भरीत होतं. वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. इतकं खाल्लं की परतताना बांधावरच बसलो. हाताला जवसाच्या तेलाचा वास, तोंडाला भाजक्या मिरचीचा. मी इथं बरा आहे.

३१ जानेवारी

कापसाचा व्यापारी आला होता. मागच्या खेपेला भाव चढलेला, तेव्हा आबा म्हणाले, आणखी चढेल. आज उतरलेला, तर म्हणाले, पडत्या भावात कोण विकतं. "भाव येऊ दे, मंग इकसू."

व्यापारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही तरी समजवा. माल पिवळा पडेल."

मी समजावलं नाही. पण मनात म्हटलं, म्हातारा लोभी आहे. बाकी सगळ्या बाबतीत इतका मोकळा माणूस, आणि कापसाच्या बाबतीत एवढा आखडू.

१० फेब्रुवारी

चौथा थर वाळला आणि आबांनी छातीत खोट काढली. छाती रुंद झालीय म्हणाले. तिसऱ्या थराच्या वेळी अरुंद होती. शेपटीचा झुपका पण बघ म्हणाले. मी शेपटीच्या बाबतीत बदनाम आहेच.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. आबा ओसरीत उभं राहून मोठ्यानं बोलत होते, "मी तं तयार शे बाई. हाऊ पेंटरच चुकाडी राहिना. छाती चुकाडी, कान चुकाडा."

वाईट वाटलं. फोन माझ्याकडे आला तेव्हा ताई म्हणाल्या, "तेजस, होळीला मी येतेय. सुट्टी टाकलीय. आबांना आता एकटं ठेवायची मला भीती वाटते. फोन नाही उचलला तर माझा वर्गात जीव लागत नाही." मी म्हटलं, होईल ताई. पहिल्यांदाच मनापासून म्हटलं. ह्या चित्राचं असं झालंय की मला स्वतःलाच ते पुरं झालेलं बघायचंय. हे माझ्या बाबतीत नवीन आहे.

चारची बस गेल्यावर मुनीम फाट्यावरून परत आला. रोज जातो, कुणाला घ्यायला ते माहीत नाही. अक्कांना विचारलं. म्हणाल्या, चारू जळगावला कॉलेजात होती तेव्हा शनिवारी ह्याच बसनं यायची. पिल्लू तिनंच आणलं, भडगावच्या जिनिंगच्या आवारातून, ओढणीत गुंडाळून. कापसाच्या ढिगावर बसलेलं होतं, हिशेब मांडल्यासारखं, म्हणून मुनीम. "लगीन व्हयनं, ती गयी. याले कोनी सांगं नही."

म्हणजे ताईंचा फोटो तेव्हाचा. बरोबर, म्हणून इतका तरणा.

१८ फेब्रुवारी

सत्यानाश.

काल सहावा थर दिला होता, तोंडावर आणि छातीवर. वरच्या थरात तेल जास्त घालतात, तसं घातलं होतं. चिकट, ओला, नितळ. असा थर मला आजवर जमला नव्हता, खालची निळी झाक विहिरीतल्या पाण्यासारखी दिसत होती. मी खिडकी लावली, खोलीचं दार ओढून घेतलं आणि नदीवर गेलो. तिथं पोरं जाळी टाकून मासे धरत होती. दुपार तिथंच झाली.

परत आलो तर कापसाच्या खोलीच्या फळ्या काढलेल्या. आबा आत गुडघाभर कापसात उभे, काठीनं ढीग उलथत होते. "ऊब धरस कापूस. हवा देनी पडस," म्हणाले. दीड महिन्यात एकदाही हवा दिली नव्हती, नेमकी आजच द्यायची होती. मधलं दार सताड उघडं. आणि माझ्या खोलीतला पंखा चालू. फेब्रुवारीत पंखा मी कशाला लावीन? आबा म्हणाले, लाइट जाते-येते, कधी कधी आपोआप लागतो. असेल. ह्या घरातली वायर जुनी आहे.

सगळ्या चित्रावर कापसाचे तंतू. छातीवर, पाठीवर, पण सगळ्यात जास्त तोंडावर, कारण थर तिथंच ओला. मी खाटेवर बसलो. खूप वर्षांनी रडायला आलं. वाटलं बॅग भरावी आणि चारच्या बसनं जावं, कुठलीही का असेना.

आबा दारात आले. "आरेरे," म्हणाले, आणि लगेच, "आते पह्यलेपासून करनं पडी का?"

आणि मग त्यांनी चित्राकडे बघितलं. नीट बघितलं. पुढे आले, वाकले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते माझ्या खाटेच्या कडेला बसले. थोड्या वेळानं बाहेर बघून हाक मारली, "मुनीम."

मुनीम आला नाही. तो अंगणातच होता, पाठ करून. आबांनी पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. तेव्हा आला. आबांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि चित्राकडे वळवलं. एकदा ह्याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे.

"कधी व्हई ग्या रे हाऊ इतला म्हतारा," म्हणाले.

मला काय माहीत. मी तर जानेवारीत आलो.

१९ फेब्रुवारी

सकाळी चिमटा घेऊन तंतू काढायला बसलो होतो. आबा म्हणाले, "तोंडवरला राहू दे."

म्हटलं आबा, कापूस तसा ठेवता येत नाही. आज चिकटलाय, उद्या रंगासकट सुटेल. पण तसंच पांढरं रंगानं करून देतो. काळ्यावर पांढरा अगदी पातळ, कोरड्या ब्रशनं घासला की तो पांढरा दिसत नाही. निळसर दिसतो, चुलीच्या धुरासारखा. म्हाताऱ्या तोंडाचा रंग तोच असतो.

"कर," म्हणाले. "फोटो ठी दे बाजूले. हाऊ बठेल शे ना समोर, याले देख."

तंतू काढता काढता दिवस गेला. आबा शेजारी बसून होते. एकदाही खोट काढली नाही.

२७ फेब्रुवारी

आता उलटंच झालंय. आबा मला एकेक गोष्ट दाखवतात. डाव्या डोळ्यात निळसर धुकं आलंय, ते काढ. कान दुमडलेला काढ, फोटोत आहे तसा उभा नको, रानडुकराशी भांडला तेव्हाचा आहे. नाकावरचा काळा रंग मधे फिकट झालाय, तो तसाच ठेव. माझं निम्मं काम वाया गेलं, आणि मजा अशी की वाया गेलेलं खालून दिसतं. तरण्या तोंडाचा काळा रंग पांढऱ्याखाली आहेच. त्याच्याशिवाय हा पांढरा इतका मऊ आला नसता.

अक्का दारातून म्हणाल्या, "गिरधरभाऊ, आते तं घाई करी राहिनात तुम्ही. पेंटर वाळू तरी देई का?"

आबा म्हणाले, "येळ कमी शे."

होळी दोन आठवड्यांवर आली, त्याबद्दल म्हणाले असतील.

९ मार्च

झालं. सगळ्यात शेवटी डोळ्यातला उजेडाचा ठिपका ठेवला. उजव्या डोळ्यात लख्ख, डाव्यात धूसर. आणि हात खाली घेतला. पुढं काय करायचं ते कळेना. मी कधी इथवर आलो नव्हतो. ब्रश धुतले. पुन्हा धुतले. मग अक्कांकडे जाऊन शेंगा सोलत बसलो.

आबांनी आज सदरे धुतले, इस्त्री करायला दिले. ट्रंकेतली जुनी सुटकेस काढून ऊन दाखवलं. व्यापाऱ्याला निरोप मात्र पाठवला नाही. मी आठवण केली तर म्हणाले, कापसाचं अक्का बघेल. इतके दिवस भावासाठी अडून बसले आणि आता म्हणे अक्का बघेल.

१४ मार्च

ताई सकाळीच आल्या. कालची होळी अजून धुमसत होती. आबा नवीन टोपी घालून ओसरीत बसलेले, शेजारी सुटकेस. मुनीम त्यांच्या पायाशी. ताई उतरल्या तेव्हा तो उठला नाही, ऐकू गेलं नसावं. मग वास लागला तसा धडपडत उठला आणि असा काही रडला की सगळी गल्ली बाहेर आली.

मी चित्रावरची चादर काढली.

ताई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तोंड पांढरं का केलंस? मी फोटो दिला होता ना?"

"ताई, तो आता असाच आहे."

"असा कसा असेल? दिवाळीत तर मी..." आणि त्या थांबल्या.

"दिवाळीले तू बापले देखाले आल्ती," अक्का म्हणाल्या. "याले कोन देखं?"

ताई खाली बसल्या. साडीवर मातीचे पंजे उठत होते, त्यांना भान नव्हतं. त्यांनी मुनीमचा दुमडलेला कान सरळ केला, तो पुन्हा पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला.

आबांनी सुटकेस उचलली आणि स्वतः जाऊन गाडीत ठेवली. "चाल बाई," म्हणाले. "शब्द दिधा व्हता. चित्र व्हई ग्या. ऊन चढाना पह्यले निंघू."

ताईंनी चित्राकडे बघितलं, मुनीमकडे बघितलं, आणि मग बराच वेळ आबांकडे. आबांच्या तोंडावर दाढीचे पांढरे खुंट होते, नेहमी असतात तेवढेच. त्या अशा बघत होत्या जणू तेही आजच दिसले.

"आबा, तिकडे करमेल तुम्हाला?"

"चित्र शे ना," आबा म्हणाले. हे त्यांनी चित्राकडे न बघता म्हटलं.

ताई उठल्या. गाडीतून सुटकेस काढली आणि ओसरीत आणून ठेवली. मग मला म्हणाल्या, "हे वाळलंय का? मागच्या सीटवर राहील?"

"वरवर वाळलंय. पण चादर घासू देऊ नका. आणि ताई, हे तर आबांसाठी..."

"हे मी नेते," त्या म्हणाल्या. आबांकडे वळल्या. "मुनीम आहे तोवर तुम्ही इथंच राहा. पण रोज सकाळी फोन. शेतात एकट्यानं जायचं नाही. अक्का, तुम्ही मला खोटं सांगायचं नाही. आणि मी महिन्यातून दोनदा येणार, बसनं. चारच्या."

आबा टोपी काढून डोकं खाजवत राहिले. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

चित्र मागच्या सीटवर उभं बसवलं. गाडी फाट्याकडे वळेपर्यंत काचेतून मुनीम आमच्याकडे बघत होता.

आपलं चित्र कुणाला इतकं आवडावं की दुसऱ्यासाठी सांगितलेलं स्वतःच घेऊन जावं, ह्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू. पण आबांचं वाईटही वाटलं. दोन महिने म्हातारा त्याच्यासाठी थांबला होता.

१६ मार्च

आबांचं काही समजत नाही. काल सकाळी उठून त्यांनी व्यापाऱ्याला बोलावलं आणि सगळा कापूस देऊन टाकला. भाव जानेवारीपेक्षा उतरलेला. व्यापारीसुद्धा दोनदा म्हणाला, बघा बुवा, नंतर बोलू नका. आबा म्हणाले, भर. दुपारपर्यंत खोली रिकामी. माणसं काटा घेऊन गेली आणि आबा शीळ घालत खोली झाडत होते. वर म्हणतात, तुला हवी तर ही खोली घे, उजेड चांगला आहे. अक्कांना त्यांच्या शेळीचं चित्र पाहिजे म्हणे. शेळी पांढरी आहे, त्याला वेगळी युक्ती लागेल. विचार करतो.

आज मला राहवलं नाही. ओसरीत आबा चहा पीत होते. म्हटलं, आबा, तुमचं चित्र तर ताई घेऊन गेल्या. तुमच्यासाठी दुसरं काढून देतो, आता हात बसलाय, लवकर होईल.

आबांनी बशीतला उरलेला चहा खाली ठेवला. मुनीम उठला, सावकाश आला आणि बशी चाटायला लागला. आबा त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "माले कसाले चित्र?"